कावळा बसला आणि संगणक बंद पडला

२०२४ च्या जून महिन्यातली गोष्ट. बोईसरजवळच्या एका शाळेने मला मुलांशी पावसाच्या नोंदींबद्दल बोलायला बोलावले होते. या शाळेतली मुले २०१२ पासून दर पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता आवारातल्या पर्जन्यमापकातले पाणी मोजतात. पहिल्या काही वर्षांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. पण विज्ञानाच्या बाईंनी त्यापूर्वीच सगळे आकडे संगणकात भरून ठेवले होते. बारा पावसाळ्यांच्या नोंदी, आणि त्यांची एकच प्रत.

मी पोहोचलो तेव्हा शाळेच्या कार्यालयात गर्दी होती. पडदा काळा, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ : सुरू करण्याजोगे उपकरण सापडले नाही. आदल्या संध्याकाळी बाईंनी विंडोजचे अपडेट करून संगणक बंद केला होता. सकाळी तो सुरूच झाला नाही. दुरुस्तीला आलेल्या तरुणाचे निदान तयार होते. ‘‘अपडेटनं विंडोज उडालीय, मॅडम. फॉरमॅट मारावा लागेल.’’

‘‘आणि पावसाचा डेटा?’’

‘‘तो जाणार.’’

त्याचे निदान अगदीच निराधार नव्हते. काल अपडेट झाले, आज संगणक बंद पडला. मग दोष अपडेटचाच असणार. पण आपल्याकडे यावर एक जुनी म्हण आहे : कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. फांदी कावळ्याच्या वजनाने तुटली, की ती आतून कुजलेलीच होती, हे फांदी तपासल्याशिवाय सांगता येत नाही. एकामागून एक घडलेल्या दोन घटनांत कार्यकारणभाव असेलच असे नाही. आपण हे वर्गात शिकवतो, आणि घरातले यंत्र बंद पडले की विसरतो.

त्या दिवशी तो संगणक फॉरमॅट झाला नाही. का झाला नाही हे समजण्यासाठी संगणक सुरू होतो म्हणजे नेमके काय होते, ते आधी पाहू.

सुरू होण्यासाठी आधी सुरू असावे लागते

संगणकाची प्रत्येक कृती कोणत्या तरी प्रोग्रॅमच्या आज्ञेने होते. चकतीवरचा प्रोग्रॅम वाचून स्मृतीत आणणे हीदेखील एक कृतीच आहे, म्हणजे तिच्यासाठीही प्रोग्रॅम हवा. तो प्रोग्रॅम स्मृतीत कोण आणणार? बटण दाबले त्या क्षणी तर स्मृती कोरी असते. कितीही कसलेला कसरतपटू स्वतःच्याच खांद्यावर उभा राहू शकत नाही, तसाच हा पेच आहे. इंग्रजीत यासाठी आपल्याच बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलण्याची कल्पना वापरली गेली. आपण ज्याला संगणक ‘बूट’ होणे म्हणतो तो शब्द तिथून आला.

हा पेच फक्त संगणकाचा नाही. बोईसरपासून जवळच तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. त्यातल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. असे केंद्र बंद स्थितीतून सुरू करायचे तर आधी पाणी फिरवणारे पंप चालवावे लागतात, नियंत्रण कक्षातली उपकरणे चालू असावी लागतात. या सगळ्यांना वीज लागते, आणि ती बाहेरच्या जाळ्यातून घ्यावी लागते. वीजनिर्मिती सुरू करायलाही वीज हवी! सगळे जाळेच कोलमडले, तर बहुधा एखाद्या जलविद्युत केंद्रापासून सुरुवात करतात. तिथे थोड्याशा साठवलेल्या विजेवर पाण्याची झडप उघडता येते. त्या केंद्राच्या आधाराने पुढचे, त्याच्या आधाराने त्याच्या पुढचे, अशी साखळी बांधत जातात.

संगणकातही हीच युक्ती आहे. १९७५ साली आलेल्या अल्टेअर ८८०० या छोट्या संगणकाच्या दर्शनी भागावर कळांची रांग असे. वापरणारा माणूस त्या कळा एकेक वरखाली करून पहिला छोटा प्रोग्रॅम हाताने स्मृतीत भरी. तो प्रोग्रॅम मग कागदी फितीवरचा मोठा प्रोग्रॅम वाचून घेई. पहिला धक्का माणसाच्या बोटांचा असे. आज ते काम मदरबोर्डवरची एक चिप करते. वीज गेली तरी तिच्यातला मजकूर पुसला जात नाही. या चिपमधल्या प्रोग्रॅमला पूर्वी बायॉस म्हणत. आजच्या संगणकांत त्याच्या जागी यूईएफआय नावाची नवी पद्धत आली आहे. आपण दोन्हींना ‘मूळ प्रोग्रॅम’ म्हणू.

पाच टप्पे

बटण दाबल्यापासून पासवर्ड विचारला जाईपर्यंतच्या प्रवासाचे ढोबळमानाने पाच टप्पे पाडता येतात.

पहिला टप्पा विजेचा. पॉवर सप्लाय आपल्या घरच्या २३० व्होल्टपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे स्थिर दाब तयार करतो. ते स्थिर झाल्याचा इशारा मिळाल्यावरच प्रोसेसर कामाला लागतो.

दुसरा टप्पा स्वतपासणीचा. प्रोसेसर सुरू होताच एका ठरलेल्या पत्त्यावरची आज्ञा वाचतो. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत हा पत्ता १ मेगाबाइटच्या मर्यादेच्या १६ बाइट अलीकडे, म्हणजे १०,४८,५६० हा होता. तिथे मूळ प्रोग्रॅम बसलेला असतो. तो स्मृती, कळफलक, पडदा हजर आहेत का ते पाहतो. पडदाच चालत नसेल तर तक्रार पडद्यावर कशी करणार? म्हणून बरेच संगणक शिट्ट्या वाजवतात किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकवतात. सगळे ठीक असेल तर बहुधा संगणकाच्या कंपनीचे चिन्ह दिसते.

तिसरा टप्पा शोधाचा. मूळ प्रोग्रॅम आपल्या यादीप्रमाणे चकती, पेन ड्राइव्ह, नेटवर्क असे एकेक ठिकाण तपासतो आणि ‘इथून पुढे जाता येईल का’ हे पाहतो. जुन्या पद्धतीत तो चकतीचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचतो. त्याच्या शेवटच्या दोन बाइटांत ०१०१०१०१ आणि १०१०१०१० ही खूण असेल तरच तो तुकडा ग्राह्य मानतो. नव्या पद्धतीत चकतीवरच्या एका खास छोट्या विभागात ठरावीक नावाची फाइल शोधली जाते. एक पद्धत शोधणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीने तयार केलेली चकती समोर असूनही ओळखता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

चौथा टप्पा गाभ्याचा. सापडलेला छोटा प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर, ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा स्मृतीत आणतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो. विंडोजचे चिन्ह आणि गोल फिरणारे ठिपके दिसतात ते या टप्प्यापासून.

पाचवा टप्पा सोबत्यांचा. गाभा ड्रायव्हर नावाचे प्रोग्रॅम उचलतो. चकती, पडदा, ध्वनी, नेटवर्क यांच्याशी गाभ्याची भाषा जुळवून देणारे हे दुभाषे. त्यांच्यामागून इतर सेवा येतात आणि शेवटी पासवर्डची चौकट दिसते.

आता महत्त्वाचा मुद्दा. ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट ज्या फाइली बदलते त्या चकतीवर असतात. त्यामुळे ते सहसा चौथ्या आणि पाचव्या टप्प्यात ढवळाढवळ करते, क्वचित तिसऱ्याच्या शेवटी. कधीकधी मूळ प्रोग्रॅमचे अपडेटही त्याच मार्गाने येते. पण तो अपवाद, आणि ते होताना पडद्यावर सहसा तशी सूचना दिसते. संगणक पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच अडला असेल, तर अपडेटकडे बोट दाखवण्याआधी थांबावे. पंखाच फिरत नसेल तर ती विंडोजची चूक नाही. आपल्या किनारपट्टीवरच्या दमट, खाऱ्या हवेत स्मृतीच्या पट्टीचे स्पर्शबिंदू मळतात आणि संगणक शिट्ट्या मारू लागतो, हाही अनेकांचा अनुभव असेल.

गाडी कुठे अडली?

आपला संगणक कोणत्या टप्प्यावर अडला हे कसे शोधायचे? पहिल्यापासून एकेक टप्पा तपासता येईल, पण त्याहून चांगली रीत आहे. ती या भागातल्या प्रवाशांना चटकन कळेल.

विरारहून सुटलेली गाडी डहाणू रोडला वेळेवर आली नाही. मध्ये वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर आणि वाणगाव अशी सात स्थानके आहेत, म्हणजे गाडी आठ टापूंपैकी कुठे तरी अडली आहे. प्रत्येक स्थानकावर आपला एकेक मित्र उभा आहे असे समजा. पहिला फोन कोणाला कराल? वैतरण्याला केला आणि ‘गाडी गेली’ असे उत्तर आले, तर आठपैकी सातच टापू उरतात. पण फोन पालघरला केला, तर उत्तर ‘गेली’ असो वा ‘आली नाही’, निम्मे टापू एका फटक्यात बाद होतात. समजा, पालघरहून गेली. आता बोईसरला विचारा. तिथे आली नाही? मग उमरोळीला विचारा. तिथून गेली असेल तर गाडी उमरोळी आणि बोईसरच्या मध्ये आहे. तीन फोनांत आठांपैकी एक टापू सापडला, कारण दोनाचा तिसरा घात आठ.

गणपतीतल्या दिव्यांच्या माळेतला गेलेला दिवा शोधताना वायरमन मधूनच सुरुवात करतो, तोही याच हिशेबाने. संगणकाच्या पाच टप्प्यांत मधला प्रश्न असा : कंपनीचे चिन्ह दिसले का? दिसले, तर पहिले दोन टप्पे पार पडले. दुसरा प्रश्न : ऑपरेटिंग सिस्टीमचे चिन्ह किंवा ठिपके दिसले का? नाही दिसले, तर गाडी तिसऱ्या टप्प्यात अडली आहे.

शाळेतल्या त्या संगणकावर नेमके हेच झाले होते. कंपनीचे चिन्ह दिसत होते, विंडोजचे नाही. त्यामुळे संशय तिसऱ्या टप्प्यावर आला. पण अपडेट अजून पुरते निर्दोष ठरले नव्हते, कारण त्याने चकतीवरचा सुरुवातीचा भागच बिघडवला असण्याची शक्यता होती.

नाण्याएवढा आरोपी

दुरुस्तीपूर्वी एक काम केले. पेन ड्राइव्हवरून थेट चालणारी लिनक्स माझ्याजवळ होती. अशी लिनक्स चकतीला हात न लावता संगणकाच्या स्मृतीतच चालते. तिने संगणक सुरू झाला, चकती दिसली, आणि चकतीवर बाईंचे ‘पाऊस’ नावाचे फोल्डर जसेच्या तसे होते. ते दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. आता चूक झाली असती तरी बारा पावसाळे गेले नसते. बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा उतरला.

या कृतीतून दोन गोष्टीही कळल्या. चकती आणि तिची केबल धडधाकट होती. प्रोसेसर, स्मृती, पडदा यांचेही काही बिघडले नव्हते.

मग मूळ प्रोग्रॅमच्या सेटिंगचा पडदा उघडला. चकतीचे नाव तिथे यादीत होते. पण कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१२.

संगणक बारा वर्षे मागे का गेला? मदरबोर्डवर नाण्यासारखी एक बॅटरी असते. तिचे नाव सीआर २०३२; २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, हे त्या आकड्यांतच लिहिलेले आहे. दाब ३ व्होल्ट. प्लग काढलेला असताना संगणकाचे घड्याळ तिच्यावर चालते. त्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक सेकंद मिळतो. त्या पिढीच्या अनेक मदरबोर्डांवर घड्याळाबरोबर मूळ प्रोग्रॅमची सेटिंगही याच बॅटरीच्या भरवशावर टिकून असत. बॅटरी संपली की दोन्ही पुसली जातात आणि संगणक कारखान्यातून निघाला त्या स्थितीला परततो.

तसेच झाले होते. संगणक विंडोज ७ च्या काळातला, पुढे विंडोज १० वर नेलेला. त्याची चकती जुन्या पद्धतीने तयार केलेली होती. कारखान्यातली सेटिंग मात्र नव्या पद्धतीने शोधण्याची होती. चकती समोर होती, तिच्यावर विंडोज शाबूत होती, आणि मूळ प्रोग्रॅमला ती ओळखता येत नव्हती.

मग संगणक आदल्या दिवसापर्यंत कसा चालत होता? मी बाईंना विचारले, ‘‘काल संध्याकाळी तुम्ही नेमकं काय केलंत?’’

‘‘अपडेट करून बंद केला, सर. पंखा थांबेपर्यंत थांबले होते हं, घाई नाही केली. मग विजा चमकायला लागल्या म्हणून मागचा प्लगही काढून ठेवला.’’

‘‘एरवी प्लग काढता?’’

‘‘नाही. यूपीएस चोवीस तास चालूच असतो.’’

कोडे इथे सुटले. प्लग जोडलेला असताना घड्याळ आणि सेटिंग यांना मुख्य विजेचाच आधार मिळतो. बॅटरी केव्हाच संपली असणार, पण तिची गरजच पडली नव्हती. आदल्या संध्याकाळी पुष्कळ दिवसांनी प्लग निघाला, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी अपडेटही झाले. दोन गोष्टी एकदम बदलल्या, आणि सगळ्यांचे लक्ष त्यातल्या ठळक गोष्टीकडे गेले. प्रयोगात एका वेळी एकच चल बदलावा असे आपण मुलांना सांगतो, ते यासाठीच.

प्रयोगशाळेतल्या मल्टिमीटरवर बॅटरी १.४ व्होल्ट दाखवत होती. नवी बॅटरी बाजारातून आली, तारीख दुरुस्त केली, शोधण्याची पद्धत जुनी केली. विंडोजचे ठिपके फिरले, अपडेटचे उरलेले काम पुरे झाले आणि पासवर्डची चौकट आली.

तरीही एक शंका राहतेच. बॅटरी हेच कारण होते, हे कशावरून? दुरुस्तीच्या तरुणाला आता यात रस वाटू लागला होता. त्यानेच सुचवले, ‘‘जुनी बॅटरी परत लावून बघू या?’’ ती लावली, प्लग काढून दहा मिनिटे थांबलो, पुन्हा जोडला. पुन्हा १ जानेवारी २०१२, पुन्हा तीच पांढरी ओळ. नवी बॅटरी बसवून, सेटिंग करून, प्लग काढून दहा मिनिटे थांबलो. संगणक सुरळीत सुरू झाला. कावळा निर्दोष सुटला.

कावळा खरेच दोषी असतो तेव्हा

यावरून अपडेट नेहमीच निर्दोष असते असे मात्र समजू नये. त्यानंतर महिन्याभरात साऱ्या जगाला उलटे उदाहरण पाहायला मिळाले.

१९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने आपल्या सुरक्षा प्रोग्रॅमसाठी एक छोटे अपडेट जगभर पाठवले. ते विंडोजचे स्वतःचे अपडेट नव्हते, पण तो सुरक्षा प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्याशेजारी बसून काम करणारा होता. नव्या मजकुरात २१ वी नोंद तपासण्याची सूचना होती, आणि प्रोग्रॅमकडे नोंदी होत्या २०. वीस मुलांच्या वर्गात एकविसाव्या मुलाला हाक मारली तर फार तर कोणी ‘ओ’ देत नाही. पण प्रोग्रॅमने यादीच्या पलीकडची, आपली नसलेली स्मृती वाचायचा प्रयत्न केला. साध्या प्रोग्रॅमने अशी आगळीक केली तर ऑपरेटिंग सिस्टीम फक्त त्यालाच बंद करते. गाभ्यात काम करणाऱ्याने केली, तर स्मृतीतल्या कशावरच विश्वास ठेवता येत नाही. तेव्हा नुकसान वाढू नये म्हणून सगळा संगणक जाणूनबुजून थांबवला जातो. निळा पडदा दिसतो तो यामुळे.

आता खरी पंचाईत. हा सुरक्षा प्रोग्रॅम सुरू होतानाच उचलला जाणारा ड्रायव्हर होता. संगणक पुन्हा सुरू केला की पाचव्या टप्प्यात तोच ड्रायव्हर, तीच फाइल, तोच निळा पडदा. कंपनीने ७८ मिनिटांत, १० वाजून ५७ मिनिटांनी, सदोष मजकूर मागे घेतला. पण जे संगणक सुरूच होत नव्हते त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचणार कशी? मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणकांना याची झळ बसली. विंडोजवर चालणाऱ्या एकूण संगणकांच्या तुलनेत हे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते, पण ते संगणक विमान कंपन्या, बँका, रुग्णालये यांचे होते. मुंबईसह भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी उड्डाणे रखडली आणि काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्या ७८ मिनिटांत जे संगणक बंद होते, ते मात्र वाचले.

उपाय साधा होता, पण प्रत्येक यंत्रापाशी जाऊन हातानेच करावा लागत होता : संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा आणि ती एक सदोष फाइल काढून टाकायची. सेफ मोडमध्ये गाभा फक्त अत्यावश्यक सोबती घेऊन निघतो. दोष बाहेरून आलेल्या ड्रायव्हरचा असेल, तर तो घरीच राहतो आणि संगणक सुरू होतो.

दोषी अपडेटांचे आणखी दोन प्रकार सांगण्यासारखे आहेत. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधली एक सुरक्षात्रुटी झाकण्यासाठी आलेल्या विंडोजच्या अपडेटनंतर एएमडीचे काही जुने प्रोसेसर असलेले संगणक सुरू होईनात, आणि मायक्रोसॉफ्टला त्या संगणकांपुरते अपडेट थांबवावे लागले. इथे मजकूर आणि यंत्र यांचे जुळले नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने सुरू होतानाची सुरक्षातपासणी कडक केली. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असणाऱ्या अनेकांची लिनक्स त्या तपासणीत अडली. इथे घरातल्या एकाने कुलूप बदलले आणि दुसरा बाहेर राहिला.

अगदी साधा प्रकार म्हणजे अर्धवट राहिलेले अपडेट. फाइली बदलल्या जात असताना वीज गेली, तर काही फाइली नव्या आणि काही जुन्या राहतात. अशा वेळी मागे फिरण्याची सोय आजच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये असते, पण ती दर वेळी यशस्वी होतेच असे नाही. पावसाळ्यात वीज लपंडाव खेळत असेल तर यूपीएसशिवाय अपडेट करू नये, हे त्यामुळे.

फॉरमॅट सर्वांत शेवटी

तेव्हा संगणक अपडेटनंतर सुरू झाला नाही, तर क्रम असा ठेवावा.

पडद्यावरचा संदेश आधी जसाच्या तसा लिहून घ्यावा किंवा त्याचे छायाचित्र काढावे. घाईघाईत ‘काहीतरी एरर आली’ असे सांगितल्याने निम्मा पुरावा नाहीसा होतो. मग जोडलेले पेन ड्राइव्ह, प्रिंटर वगैरे काढावेत. विसरलेल्या पेन ड्राइव्हवरच संगणक विंडोज शोधत बसल्याची उदाहरणे कमी नाहीत. त्यानंतर वरचे दोन प्रश्न विचारून टप्पा निश्चित करावा, आणि तारीख पाहावी.

अडचण चौथ्या-पाचव्या टप्प्यात असेल तर विंडोज लागोपाठ काही वेळा अपयशी ठरल्यावर आपणहून दुरुस्तीचा पडदा दाखवते. तिथे सेफ मोड, शेवटचे अपडेट काढून टाकणे आणि संगणक आधीच्या चांगल्या स्थितीला नेणे, असे पर्याय असतात. लिनक्सच्या उबुंटूसारख्या प्रकारांत नवा गाभा आला तरी आधीचा जपून ठेवलेला असतो. सुरुवातीच्या यादीतल्या प्रगत पर्यायांतून तो निवडला की पुष्कळदा काम भागते. चकती सांकेतिक कुलपात असेल तर विंडोज ४८ अंकी किल्ली मागते. ती आधीच कागदावर लिहून ठेवलेली बरी. २०२४ च्या जुलैत अनेक ठिकाणी उपाय माहीत असूनही ही किल्ली न सापडल्याने खोळंबा झाला.

हे सगळे करण्यापूर्वी, शक्य असेल तर, पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने आपला मजकूर उतरवून घ्यावा. फॉरमॅटने दोष नाहीसा होतो हे खरे. पण मजकूर जातो, आणि दोष काय होता हे कळण्याची संधीही जाते. शाळेतला तो संगणक फॉरमॅट केला असता तर पावसाच्या नोंदी गेल्या असत्या. नवी विंडोज नव्या पद्धतीने बसली असती आणि संगणक चालूही झाला असता. मग सगळ्यांनी म्हटले असते, ‘बघा, अपडेटचाच दोष होता.’ चुकीच्या निदानाला योग्य ठरवणारा उपाय, हा विज्ञानातला सर्वांत फसवा प्रकार आहे.

आणि अपडेट करणेच सोडून द्यावे का? नाही. बहुतेक अपडेट कोणीतरी शोधलेली भोके बुजवण्यासाठी असतात, आणि ती उघडी ठेवण्यातला धोका मोठा आहे. फक्त अपडेटच्या आधी मजकुराची दुसरी प्रत असावी, आणि ती दुसऱ्या जागी असावी.

वर्गात करून पाहण्यासारखे

शाळेत एखादा जुना, निकामी संगणक असेल तर तो उघडून मुलांना त्यातली नाण्यासारखी बॅटरी शोधायला सांगा आणि मल्टिमीटरने तिचा दाब मोजू द्या. प्लग काढून ठेवलेला असावा, आणि पॉवर सप्लायचा डबा मात्र कोणी उघडू नये. त्याच्या आत काही काळ धोकादायक दाब टिकून असतो.

दुसरा खेळ गाडीचा. फळ्यावर सात स्थानके लिहा. एका विद्यार्थ्याने गाडी कुठे अडली ते मनात धरावे, बाकीच्यांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे येणारे कमीत कमी प्रश्न विचारून ते ओळखावे. मग विचारा : टापू आठांऐवजी सोळा असते तर किती प्रश्न लागले असते? हजार असते तर?

बोईसरजवळच्या त्या शाळेत आता पावसाच्या नोंदींच्या तीन प्रती आहेत : एक संगणकात, एक बाईंच्या घरच्या पेन ड्राइव्हवर, आणि एक कागदावर छापून लोखंडी कपाटात. कपाटाच्या दारावर मुलांनी जुनी बॅटरी चिकटपट्टीने लावली आहे. तिच्याखाली त्यांनी एका कावळ्याचे चित्र काढले आहे.